झर आणि टँकर

सातेरीदेवीच्या पायांवर हात ठेवून सांगते, सगळ्या वाड्यानं ऐका: यातला शब्द न् शब्द खरा! खोटा निघाला तर माझे उरलेले तीन दात आत्ता गळून पडोत.

मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. डिचोलीकडची सुमंगला पणजीच्या एका कॉलेजात, मानसशास्त्राच्या खात्यात आकडेमोड करायची. तिच्या गोकुळदास सरांनी तिच्याच गावच्या शाळेत कॉम्प्युटर नेऊन चाळीस बायका त्याच्यापुढे बसवल्या. पडद्यावर एक शब्द लुकलुकायचा, मग दुसरा यायचा. दुसरा वाचता आला की बटण दाबायचं. आधी नात्यातला शब्द दिसला तर बोट लवकर पडतं, हे सरांना दाखवायचं होतं. 'पदेर', म्हणजे पाववाला, दिसला की 'पाव' चटकन, तसं.

बाईगणिक सरासरी काढली, सगळं सुरळीत. मग सुमंगला शब्दागणिक काढायला बसली. दुपार होती, पंखा गुणगुणत होता, आकडे डोळ्यांपुढून ओढ्यासारखे वाहत होते. एका जागी ओढा अडला. 'झर', म्हणजे झरा, त्याच्यानंतर 'पाणी' सगळ्यांत उशिरा! आणि सरांनी बिननात्याचा म्हणून घातलेला 'टँकर', त्याच्यामागून 'पाणी' विजेसारखं.

"जोड्या चुकल्या," सर म्हणाले. त्यांच्या लेखी टँकर म्हणजे पेट्रोलचा. "दोन्ही गाळ. सोमवारी निकाल पाठवायचाय."

सुमंगलानं पेन्सिल उचलली, पण काट मारवेना. त्या ओळी गेल्या तर चाळीसजणींचं ते थबकणं कुठंच राहणार नव्हतं.

"सर, रविवारी आमच्या गावी या. मग गाळते."

आले बिचारे. त्या चाळीसजणींतलीच एक, सुमंगलाची आई जानकी, कळशी घेऊन पाण्याच्या रांगेत उभी होती. सरांनी विचारलं, "बाय, 'झर' वाचल्यावर तुम्ही थांबलात कशाला?"

"थांबूचां नाय? झर म्हटल्यार आधी ती खंय गेली तां बघूक होयां. खाण खोल गेली आणि झर आटली. पाणी मागीर!"

"आणि टँकर?"

"त्याचो भोंगो आयकलो काय पांय धावतत, सायबा. बोट खंयचां ऱ्हवता!"

रांगेतली शेवंती मागून ओरडली, "आमची सातेरी सुद्धा टँकराच्याच पाण्यान न्हाता! तिकाय बटण दाबूक लावा!"

रांग हसली. सर हसले नाहीत.

सुमंगला त्यांना झरीवर घेऊन गेली. दगडी तोटी कोरडी, खालच्या कुंडीत काजूची पानं. तिनं तोटीला कान लावला. आत खोल कुठंतरी पाणी खुळखुळत होतं, झोपेत कुणी बोलावं तसं. ती किती वेळ तशीच बसून राहिली.

सोमवारी दोन्ही ओळी निकालात गेल्या. खाली सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'जोड्या बरोबर आहेत. नाती मला ठाऊक नव्हती.'

झालं. आता सातेरीच्या पायांवरचा हात जरा उचलते. ती खुळखुळ तेवढी माझ्या पदरची. तोटीला कान लावून पोर बसली होती, ते मात्र खरं.