पाण्याआधीचे सात खजूर

दादाच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. लॅबमधून फोन आला तो सकाळी साडेनऊलाच. "पेशंटला जिना चढू देऊ नका. थेट हॉस्पिटलात न्या," ती मुलगी म्हणाली आणि दादाचं वय तिने दोनदा विचारून घेतलं.

दादा तेव्हा दुकानात कुणाचं तरी घड्याळ उघडून बसला होता. तीन दिवस चिमटा हातातून निसटतोय म्हणत होता. "चष्मा बदला," वहिनी म्हणाली होती.

हॉस्पिटलात त्याच्या छातीला तारा लावल्या. पडद्यावरची रेघ पाहून डॉक्टरीणबाईंनी आधी इंजेक्शन सांगितलं, मग डायलिसिसची तयारी करायला सांगितली, आणि मग त्या वहिनीकडे वळल्या.

"पोटॅशियम सहा पॉइंट नऊ आहे. याने हृदय बंद पडू शकतं. काय खायला घालताय तुम्ही यांना?"

"मी बटाटासुद्धा चिरून दोन तास भिजवते हो. ते पाणी फेकून मग उकडते."

"मग फळांचा रस? सुकामेवा?"

"नाही."

"कुणीतरी देतंय, बाई. आपोआप नाही वाढत."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. दादाच्या किडन्या अधू झाल्यापासून दोन वर्षं ती त्याचा एकेक घास मोजत होती, आणि आज तिच्याकडेच बोट होतं. मी पुढे होऊन बोलले.

"खजूर. मी देते. रोज सात."

महिन्याभरापूर्वी प्रार्थनेला शेजारी बसणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, खजुराने लघवी साफ होते, किडनीला बळ येतं. वहिनी भाज्यांचा सगळा कस मोरीत ओतते हे मला खुपायचंच. म्हणून मी नेम धरला. पहाटेची प्रार्थना झाली की भिजवलेले सात खजूर दादाच्या हातावर ठेवायचे, आणि त्याने खाल्ल्याशिवाय आपण पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. वहिनी तेव्हा अंघोळीला गेलेली असे. मी लपवलं नव्हतं. सांगितलंही नव्हतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "खजूर वाईट नाही. धडधाकट माणसाने खावा. पण यांच्या किडन्या पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत, ते रक्तातच साठतं. काय टाळायचं त्या यादीत लिहून दिलं होतं."

यादी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवलेली होती. तेच दार उघडून मी रोज खजुराची वाटी काढत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाची रेघ ठीक झाली होती. वहिनी खिडकीशी पाठ करून उभी होती. कालपासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी पलंगाजवळ गेले.

"काय पुजारीणबाई, पाणी प्यालीस?" दादाने विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. नेम कुठे मोडायचा, कसा मोडायचा, काही सुचत नव्हतं.

"वाटलंच. म्हणून तर खात होतो."

"म्हणजे?"

"यादी पाठ आहे मला. खजूर चौथ्या ओळीत."

"माहीत होतं? आणि तरी खाल्लेस?"

"तुझ्या नेमाच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम न खाता दुकानात गेलो. दुपारी जेवायला आलो तर तू तशीच, ओठ सुकलेले. म्हटलं, सात खजुरांनी काय होतंय."

"मला सांगायचंस ना."

"तू नेम सोडला असतास?"

महिन्यापूर्वीची मी त्याला चांगली माहीत होती.

वहिनी वळली. "छान. दोघं बहीणभाऊ एकमेकांसाठी मरायला निघाला होतात, आणि मी मूर्ख बटाटे भिजवत बसले." तिचा आवाज चढला नाही, फक्त कापला. तिने तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि माझ्यासमोर धरलं. "प्या, ताई. यांनी काहीही खाल्लेलं नसताना प्या."

मी पेला घेतला. मनातल्या मनात देवाला सांगितलं, आजपासून हा नेम नाही. मग पेला ओठांना लावला.

किडन्यांमुळे दादाला स्वतःला पाणी मोजूनच मिळायचं. तो माझ्या पेल्याकडे टक लावून बघत होता.

"सगळं," तो म्हणाला. "तळाला ठेवू नकोस."