रविवारची यादी

वीज कंपनीच्या ऑफिसात तिला सगळे वेळापत्रकवाली म्हणायचे. कोणती माहिती कुठून कुठे, किती वाजता जायची, हे संगणकावर लावून देणं तिचं काम. मीटरचे आकडे पहाटे चारला, बिघाडांची नोंद दर तासाला, आणि आरोग्य खात्याची एक यादी दर रविवारी. घरी श्वासाचं मशीन लागतं अशा पेशंटची ती यादी. दुरुस्तीसाठी वीज बंद करायची असली की या घरांना आदल्या दिवशी फोन जायचा.

बुधवारी एक म्हातारे सुतारकाका तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. खालच्या खिडकीवरून वर, वरून खाली, अशा तीन चकरा त्यांनी मारल्या होत्या. त्याच दिवशी सकाळी त्यांच्या गल्लीत दोन तास वीज नव्हती. बायकोचं मशीन थांबलं. शेजाऱ्याने गाडीत घालून दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं.

"मी सोमवारी सकाळीच नाव नोंदवलंय," त्यांनी कागद पुढे केला. "मग फोन का नाही आला?"

तिने स्क्रीनवर पाहिलं. "काका, यादी आमच्याकडे आठवड्यातून एकदाच येते. तुमचं नाव येत्या रविवारी येईल."

"बरं. मग तोवर हिने श्वास कसा घ्यायचा, तेवढं सांगा."

त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. म्हणूनच ते तिला फार लागलं. तिने त्यांचा नंबर हाताने यादीत घातला आणि तडक साहेबांची केबिन गाठली.

"सर, ती यादी रोज घ्यायला हवी."

"आपल्या हातात कुठंय ते? ते लोक रविवारीच बनवतात."

तिने आरोग्य खात्यात फोन लावला. तिथले कारकून म्हणाले, "तुम्हीच रविवारी मागता, मॅडम. आम्ही काय करणार?"

दोन दिवस हाच चेंडू इकडून तिकडे. शुक्रवारी तिचं डोकं फिरलं. डबा न उघडताच ती दोन रस्ते ओलांडून त्यांच्या ऑफिसात जाऊन धडकली. कारकुनांनी निमूटपणे स्क्रीन तिच्याकडे वळवला. यादी रोज सकाळी सहाला तयार होत होती. गेली तीन वर्षं. रविवार सोडून ती उचलायला कुणी फिरकलंच नव्हतं.

"मग बदलू, सर?" तिने परत येऊन विचारलं.

"अशी कशी बदलणार? वेळापत्रकात बदल करायचा तर समितीपुढे जायला हवं. दर महिन्याचा पहिला गुरुवार."

पहिला गुरुवार कालच होऊन गेला होता.

त्या संध्याकाळी ती भांडी आपटत होती. नवरा म्हणाला, "त्या पातेल्याने तुझं काय घोडं मारलंय?" तिने सांगायला सुरुवात केली आणि पातेलं हातात धरून अर्धा तास बोलत राहिली.

मग रोज सकाळी कारकुनांना फोन करून नवी नावं विचारायची, हाताने भरायची, असं सुरू झालं. आधी ते कुरकुरले. दुसऱ्या आठवड्यापासून नऊच्या ठोक्याला त्यांचाच फोन येऊ लागला.

समितीत सात जण होते. अर्ज जुन्या नमुन्यात का आहे, यावर पाऊण तास गेला. शेवटी मंजुरी मिळाली. यादी रोज घ्या, अकरा वाजता. तेव्हा संगणकावर भार कमी असतो.

"पण फोन दहाला जातात," ती म्हणाली. "यादी त्याआधी हवी."

"मग पुढच्या बैठकीत आणा," अध्यक्ष म्हणाले.

तिने वही मिटली, पण ती उठली नाही. "ठीक आहे, सर. तोवर जी घरं सुटतील त्यांची नावं मी रोज तुम्हाला पाठवते. त्यांना फोन तुम्ही करा."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"किती घरं असतात?"

"कधी दोन, कधी नऊ."

त्यांनी कागद ओढून घेतला, अकरा खोडले, सात लिहिले, खाली सही ठोकली.

जागेवर येऊन तिने बदल केला. अर्धं मिनिटही लागलं नाही. एवढ्यासाठी छत्तीस दिवस. आनंद व्हायचा सोडून तिचा नुसता संताप झाला. तिने गटागटा पाणी प्यायलं आणि आठवड्यातून एकदाच चालणारी बाकीची कामं काढून पाहिली. चौदा होती. पहिल्यासमोर एका खात्याचा नंबर होता. तिने फोन उचलला.