दोघांनी मिळून धरायचा कंट्रोलर

"या मेल्या रिमोटचंच काहीतरी बिघडलंय," आई पुटपुटली. इतकं हळू, की खांद्याला खांदा लावून बसलेल्या बाबांनाही ते अर्धंच ऐकू गेलं असेल. पण मी तिच्या हातातच होतो. मला सगळं ऐकू आलं.

मित्रांनो, तो मेला रिमोट म्हणजे मी. खरं तर मी व्हिडिओ गेमचा एक जुना कंट्रोलर आहे. पण या घरात मला पहिल्या दिवसापासून रिमोटच म्हणतात आणि बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? मूळचा मी काळा, आता कडेकडेने राखाडी पडलोय. दोन बटणांवरची चिन्हं पुसली आहेत. पण त्या संध्याकाळी माझ्यात काडीचाही बिघाड नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो. छाती नसली म्हणून काय झालं!

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. निळ्या टोपीतल्या एका बाईने माझे स्क्रू पिळले, अंगठ्याखालच्या माझ्या दोन्ही दांड्या गरागरा फिरवून पाहिल्या आणि पाठवणी करावी तसं मला पुढे सरकवलं. खोक्यात माझ्या जोडीला दुसरा कंट्रोलर नव्हता. एवढीशी गोष्ट, पण माझं सगळं आयुष्य तिच्यामुळे घडलं.

मी आलो ते घर लहान होतं. पुढच्या खोलीत आई लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवते. मागच्या खोलीत बाबा दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवतात. या घरात सोफ्याच्या फटीत हात घातला, तर टाचणी तरी टोचते, नाहीतर दात तरी सापडतो. आणि या दोघांची एकुलती एक लेक. तिला कुणी एका जागी बसलेली पाहिली नव्हती, म्हणून तिला सगळे खारू म्हणत.

खारूला खेळायला सोबत हवी होती आणि कंट्रोलर एकच. आई म्हणाली, "एकात भागतंय की." मग दोघी मला दोन बाजूंनी धरून बसायच्या. डावी दांडी खारूची, उजवी आईची.

"आई, उडी!"

"अगं, मारली की!"

"आत्ता नाही, मघाशी मारायची होती!"

हरल्या की दोघी माझ्याकडे न बघता एकमेकींकडे बघून हसायच्या. आईच्या अंगठ्याला कात्रीने पडलेला घट्टा मला अजून ओळखीचा आहे. त्या घट्ट्याने मला कधी दुखावलं नाही.

खारू मोठी झाली. सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत चार मैत्रिणी जमवून तिने स्वतःचा खेळ बनवला. त्या खोलीत मीही होतो. खेळाचं नाव 'पैलतीर'. नदी, होडी आणि पलीकडे जायला निघालेले प्राणी: रुसलेलं अस्वल, सारखी शिंकणारी बकरी, बदकांची भलीमोठी वरात. गंमत अशी, की हा खेळ एका कंट्रोलरवर दोघांनी मिळून खेळायचा. डावी दांडी म्हणजे डावं वल्हं, उजवी म्हणजे उजवं. एकाने घाई केली की होडी जागच्या जागी गोल फिरणार. दुसऱ्याचा श्वास ऐकूनच वल्हवावं लागे.

लोकांनी तो डोक्यावर घेतला. एका समारंभात खारूने मला उंच धरून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाली, "हा खेळ मी आणि माझ्या आईने शोधलाय. तिला ते माहीत नव्हतं इतकंच." टाळ्यांचा कडकडाट झाला. मित्रांनो, तेव्हा मी थरथरलो, आणि तो आतल्या मोटरचा थरकाप नव्हता.

मग तिने मला आईबाबांकडे ठेवलं. तोवर त्या दोघांत बोलायला पडदे आणि कवळ्या एवढंच उरलं होतं. आता रोज संध्याकाळी दोघं शेजारी बसू लागली.

"अहो, मारा ना वल्हं!"

"मारतोय की! तू शिलाई मारल्यासारखी सुटतेस."

"आणि तुम्ही? एकेक दात बसवल्यासारखे!"

बकरी शिंकली की बाबा तिला "सावकाश गं" म्हणायचे. माझे ते सोन्याचे दिवस होते.

पुढे एका मोठ्या कंपनीने खारूची ती छोटी कंपनी विकत घेतली. "काही बदलणार नाही आई, उलट मोठं होईल," ती फोनवर म्हणाली. आईने शब्दावर विश्वास ठेवला, लेकीचाच तो.

आधी अस्वलाला टोपी आली. ती हवी तर मोती घ्या, आणि मोती हवे तर खरे पैसे भरा. बाबा म्हणाले, "टोपीवाचून काय अडलंय?" ते खरंच होतं. मग वल्ही मोडू लागली. चार फेऱ्या झाल्या की कड्! डावं तरी मोडणार, नाहीतर उजवं. नवं हवं तर मोती घ्या, नाहीतर थांबा. आणि मित्रांनो, मोडायचं ते नेमकं एकच. म्हणजे एकाने हात बांधून बसायचं आणि दुसऱ्याने होडी गोलगोल फिरवायची. काठावरची बदकं पंख हलवून रडायची. पूर्वी नुसतं रुसून बसणारं अस्वल आता तोंड उघडून विचारायचं, "मोती आहेत ना?"

लोक चिडले. 'आम्ही दाम मोजून घेतलेला खेळ आमच्याच हातातून काढून घेतला,' असं हजारोंनी लिहिलं. आईने ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. कारण खेळाडूंना किती थांबवायचं हे ठरवणाऱ्या विभागाची प्रमुख खारूच झाली होती. प्रमुख झाली हे बाबांनी सगळ्या दंतवैद्यांना अभिमानाने सांगितलं. कशाची, ते तेवढं गिळलं.

आणि घरात दोष मला लागला. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे अंगण खरंच वाकडं झालं होतं, पण ते लेकीने सारवलेलं. तेव्हा दोष कुणाला द्यायचा? घुंगरांना!

"उजवी दांडी अडते," आई म्हणायची.

"डावीही अडते," बाबा तिला साथ द्यायचे.

एकदा बाबा मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने मला उघडलं, फुंकर मारली, मोडलेल्या टाचणीचं टोक बाहेर काढलं आणि म्हणाला, "काका, यात काही नाही बिघडलेलं."

"नीट बघा."

"नीटच बघितलं."

"मग काहीतरी बदला तरी," बाबा जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले. त्याने बिचाऱ्याने माझ्या दांड्यांची रबरी टोपणं बदलली. आईच्या घट्ट्याने झिजवलेलं माझं रबर त्याच्या डब्यात पडलं. ज्या हातांसाठी मी झिजलो, त्याच हातांनी माझ्यावर खोटा आळ घेतला होता. हे शल्य मी कुणाला सांगणार? मला बटणं आहेत, तोंड नाही.

रविवारच्या फोनवर खारू विचारायची, "नवा भाग कसा वाटला?"

"छान!" दोघं एकदम म्हणायची. "फक्त रिमोट जरा अडतो."

मित्रांनो, मला हात जोडता येत नाहीत, तरी एक मागणं मागतो. जुनी वस्तू खरंच बिघडली तर खुशाल टाकून द्या. पण माणसाला बोलायचं धाडस होत नाही म्हणून वस्तूवर खापर फोडू नका. कारण वस्तू ऐकून घेते, आणि ज्याने ऐकायला हवं तो माणूस शेवटपर्यंत ऐकतच नाही.

परवा दुपारी खारू घरी आली. हातात खोकं. "घ्या! तुमच्या तक्रारीवर उपाय." आत नवाकोरा पांढरा कंट्रोलर होता. मला उचलून शिवणयंत्राच्या कडेला, कापडाच्या चिंध्यांवर ठेवलं गेलं. तिथून सगळं दिसत होतं.

"आई, तू उजवीकडे. मी डावीकडे. पहिल्यासारखं."

आईने हात कपड्याला पुसला आणि नवा कंट्रोलर धरला. पहिली फेरी झकास झाली. दुसरीत दोघी हसल्याही. बकरी शिंकली तेव्हा बाबा मागच्या खोलीतून म्हणाले, "सावकाश गं!" पुढच्या दोन फेऱ्या झाल्या आणि कड्! उजवं वल्हं मोडलं. होडी गोल फिरू लागली. अस्वल म्हणालं, "मोती आहेत ना?"

बाबा हातातली कवळी घेऊनच दारात आले. "हाही बिघडलेलाच दिसतोय. पावती आहे ना? बदलून देतील."

खारूने त्यांच्याकडे पाहिलं. मग उठली, मला चिंध्यांवरून उचललं आणि माझ्या दोन्ही दांड्या गरागरा फिरवल्या. तिच्या हातांना मी पाठ आहे. तिचा चेहरा उतरला.

"मोती घेतलेच पाहिजेत असं नाही," ती घाईघाईने म्हणाली. "थोडं थांबलं की वल्हं आपोआप येतं."

"थांबतो की. रोज थांबतो," आई म्हणाली.

"मग?"

"अगं, तिचं डोळ्यांचं…" बाबांनी मध्ये पडायला तोंड उघडलं.

"माझे डोळे चांगले आहेत," आई त्यांना म्हणाली. पांढरा कंट्रोलर तिने मांडीवरून सोफ्यावर ठेवला. लेकीच्या केसांत कुठूनसा आलेला दोरा काढला आणि बोटाभोवती गुंडाळत बसली. दोरा संपला.

"खारू, मला हा खेळ आता आवडत नाही गं. खूप दिवस झाले. तू केलायस, म्हणून खेळते."