गोळ्यातली चिंधी

"कोन्या गाढवानं कोंबल्या बे ह्या चिंध्या?"

लॉरीखाली उताणा पडलेला गहिनीनाथ मिस्त्री तिथूनच ओरडला. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा गोळा असतो. इंजिनाचा जोर त्यातल्या दातेरी चक्रांमधून चाकांना मिळतो. त्याचं झाकण मिस्त्रीनं नुकतंच काढलं होतं. आतून तेलाऐवजी काळा लगदा पडला आणि त्यात चक्राचे मोडके दात.

बीडच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यासमोर लिंबाखाली लॉरीचे मालक सुंदरराव उभे होते आणि त्यांच्यामागे ड्रायव्हर बिभीषण. त्याच्या बायकोचा, जानकीबाईचा तेरावा कालच झाला होता. मिस्त्रीला ते ठाऊक नव्हतं.

"म्या घातल्या," बिभीषण म्हणाला.

"तू? आन् हे काय, एरंडेल आन् राख? अबे, बैलगाडीचा आस हाय का ह्यो?"

"गाडीचा आस कुरकुरला की वंगन घालतो, चिंधी गुंडाळतो. वीस वर्सं तेच केलं आमी."

खरंच होतं ते. वीस वर्षं तो सुंदररावांची बैलगाडी हाकत होता. मग मालकांनी बैल विकले, गावात, नेकनूरला, लॉरी आणली आणि ह्याला ड्रायव्हर केलं. लॉरी चालवायला शिकवलं बुवा. पण तिच्या पोटात काय असतं ते कुणीच दाखवलं नाही. दिवाळीनंतर गोळा घुरघुरायला लागला. जानकीबाईनंच चिंध्या जाळून राख केली, एरंडेलात कालवली, जुन्या लुगड्याचे काठ फाडून दिले. ते सगळं त्यानं तेल घालायच्या भोकातून गोळ्यात कोंबलं. लॉरी गप्प झाली!

"यंत्र झालं म्हनून काय झालं?" ती हसून म्हणाली होती. "त्यालाबी मायेचा हात लागतोच की."

आठ दिवस तो गावभर मिरवला. नवव्या दिवशी तिच्या पोटात कळ उठली. मालक स्वतःच म्हणाले, "लॉरी काढ, दवाखान्यात ने." आणि घाटात मागून कडाड्‌कन आवाज झाला. इंजिन चालू होतं, पण चाक जागचं हलेना. मागून आलेल्या बैलगाडीत त्यानं तिला घातलं. बीड दिसायला लागलं तेव्हा ती गार झाली होती.

तेव्हापासून त्याला रडू आलं नव्हतं. वाढलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. आत नुसतं सुन्न होतं.

"मालक, असल्या मानसाच्या हाती यंत्र दिलं कावून?" मिस्त्री बाहेर येत म्हणाला.

सुंदररावांनी त्याला बाजूला नेऊन दोन शब्द सांगितले. मिस्त्री परतला तो तोंड पाडूनच.

"मिस्त्री, खरं सांगा," बिभीषणनं विचारलं. "चिंधी घातली नसती तर गेली असती का लॉरी दवाखान्यापातुर?"

मिस्त्रीनं मोडका दात उचलून पुसला. मोडलेली कड लख्ख चकाकत होती. जुना तडा काळवंडलेला असतो. बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवताना लोहाराजवळ बसून बसून बिभीषणलाही एवढं कळत होतं.

"नसती गेली," मिस्त्रीनं दात मुठीत झाकला. "आधीचाच तडकलेला व्हता. कुनी काय बी केलं असतं तरी तुटनारच व्हता."

"आसंल," बिभीषण म्हणाला. माणूस आपल्यासाठी खोटं बोलतोय हे त्याला समजलं. त्याला राग आला नाही आणि बरंही वाटलं नाही.

मिस्त्रीनं लगद्यातली लांब चिंधी ओढून काढली आणि उकिरड्याकडे भिरकावली. बिभीषण गेला आणि उचलून घेऊन आला. सुटे भाग धुवायच्या घासलेटात त्यानं ती बुडवली, चोळली, पुन्हा बुडवली. दोन बोटं लाल काठ दिसू लागला.

"काय करतूस रे?" सुंदररावांनी हळूच विचारलं.

"काय न्हाई, मालक."

त्यानं चिंधी पिळली, गुडघ्यावर सरळ केली, घडी घालून पागोट्याच्या आत ठेवली. मग तो लॉरीखाली सरकला आणि उघड्या गोळ्याशी उताणा झाला.

"मिस्त्री, या," तो आतून म्हणाला. "दावा मला, ह्याच्यात काय काय आसतंय ते."