ओळखीची सही

मित्रांनो, मी एक जुनी ट्रॉली आहे. सुपरमार्केटमधली नव्हे, घरातली. दोन चाके, लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर हिरव्या-काळ्या चौकड्यांची जाड पिशवी, एवढाच माझा देह. बर्मिंगहॅमजवळच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला आणि १९८६ साली कॉव्हेंट्रीच्या मंडईत वीणाताईंनी मला विकत घेतले.

वीणाताई म्हणजे डॉक्टर चंद्रशेखर यांच्या पत्नी. त्यांच्याबरोबर मी खूप फिरले. बटाटे, दूध, कोथिंबीर, लायब्ररीची पुस्तके, शेजारणीची औषधे, सगळे मी वाहिले. वीणाताईंना घाई कधीच नसायची. दर चार पावलांवर कुणीतरी भेटे, त्या थांबत आणि मीही थांबे. "किती मजबूत आहे हो तुमची ट्रॉली!" असे बायका म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

डॉक्टर मात्र माझ्याकडे बघतही नसत. ते हॉस्पिटलमध्ये भूल देण्याचे काम करत. त्यांच्या ड्यूट्या विचित्र असत. तीस वर्षांत गल्लीतल्या लोकांनी त्यांना गाडीत बसताना आणि गाडीतून उतरताना पाहिले, तेवढेच.

२००४ च्या सुरुवातीला वीणाताई आजारी पडल्या. मतदान केंद्रापर्यंत चालणे त्यांना जमेना. तेव्हा दोघांनी कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, पोस्टाने मत देण्याचा अर्ज केला. त्यासाठी कारण सांगावे लागत नसे. अर्ज केला, की निवडणुकीच्या आधीच मतपत्रिका घरी येई. जूनमधल्या निवडणुकीत दोघांनी एकाच टेबलावर बसून मत दिले आणि एकमेकांचे साक्षीदार म्हणून सह्या केल्या. सप्टेंबरात वीणाताई गेल्या.

त्यानंतर महिन्याभराने कौन्सिलचा वार्षिक फॉर्म आला. त्यावर घरातल्या मतदारांची नावे छापलेली होती. जे आता इथे राहत नाहीत त्यांच्या नावावर रेघ मारायची होती. डॉक्टर पेन हातात धरून बराच वेळ बसले. शेवटी काहीच न खोडता त्यांनी सही केली आणि फॉर्म धाडून दिला. ते चुकीचे आहे, हे त्यांना ठाऊक होते.

मग २००५ चा एप्रिल आला आणि एका सकाळी दारातल्या पायपुसण्यावर मतपत्रिकांचे दोन जाडजूड लिफाफे पडले. एक डॉक्टरांच्या नावाचा आणि एक वीणाताईंच्या. मी हॉलमध्ये कोटांखाली उभी होते. डॉक्टरांनी वाकून दुसरा लिफाफा उचलला आणि त्यावरच्या नावावरून अंगठा फिरवला. सात महिन्यांत तिच्या नावाने आलेले ते पहिलेच टपाल होते.

त्या संध्याकाळी लंडनमधल्या एजवेअरहून मुलीचा, आश्लेषाचा, फोन आला. डॉक्टरांना कमी ऐकू येते म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवत.

"बाबा, आईचा तो लिफाफा बिनमध्ये टाका ना. इट्स ओन्ली पेपर."

"तिचं नाव आहे त्यावर."

"आय नो, बाबा. पण तुमचा तरी व्होट पोस्ट करा. प्रॉमिस?"

"त्याला साक्षीदार लागतो. तू येतेस का शनिवारी?"

"या वीकेंडला नाही जमणार, अन्वीची स्कूलची एक्झाम आहे. नेक्स्ट डोअरवाल्यांना विचारा ना."

डॉक्टरांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही लिफाफे उघडले. दार उघडे होते, त्यामुळे मला सगळे दिसत होते. मतपत्रिकेवर फुली मारायची, ती 'ए' लिफाफ्यात घालून चिकटवायची. मग एका साक्षीदारासमोर प्रतिज्ञापत्रावर सही करायची, आणि ते दोन्ही 'बी' लिफाफ्यात घालून मतदानाच्या दिवशी रात्री दहाच्या आत पोचेल असे धाडायचे. साक्षीदाराने लिहून द्यायचे होते, की मी या मतदाराला व्यक्तिशः ओळखतो.

"व्यक्तिशः," डॉक्टर मोठ्याने म्हणाले. जुना मित्र मुरलीधर ओळखायचा, पण तो आता लंडनजवळ पिनरला राहत होता. बाकीचे मित्र निवृत्तीनंतर हॉस्पिटलबरोबरच सुटले होते. ज्यांना त्यांनी आयुष्यभर भूल दिली, ते लोक त्यांना ओळखणार तरी कसे?

मग त्यांनी वीणाताईंची मतपत्रिका पुढे ओढली. "तू कुणाला दिलं असतंस, ते मला माहीत आहे," असे म्हणून त्यांनी पेनचे टोपण काढले. मित्रांनो, माझे हृदय असते तर ते तेव्हा थांबले असते. पेन कागदावर टेकायला केसाएवढे अंतर राहिले होते. पण त्यांनी टोपण पुन्हा लावले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझी मूठ धरली. गुडघा दुखत होता, त्यामुळे त्यांना आधार हवा होता. मतदान त्याच आठवड्यात गुरुवारी होते. लिफाफा माझ्या पिशवीत ठेवून ते समोरच्या घराशी गेले. तिथे मॉरीन नावाच्या आजी एकट्या राहत. पूर्वी त्या शाळेत मुलांना जेवण वाढत.

दार उघडताच त्या माझ्याकडे बघून हसल्या. "अरे, ही तर वीणाची ट्रॉली!"

डॉक्टरांनी कागद पुढे केला. मॉरीनने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"इथे लिहिलंय की मी तुम्हाला ओळखते," त्या सावकाश म्हणाल्या. "मी वीणाला ओळखत होते, डॉक्टर. तुमचं पहिलं नावसुद्धा मला माहीत नाही. मी खोटं कसं लिहू?"

"बरोबर आहे तुमचं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागदाची घडी घातली. पुढे जाऊन दूध आणायचे ठरले होते, पण ते न घेताच आम्ही घरी परतलो. तो दिवस फार लांबला. त्यांनी घरात एक दिवासुद्धा लावला नाही.

मंगळवारी सकाळी बेल वाजली. दारात मॉरीन बिस्किटांचा पुडा घेऊन उभ्या होत्या. "आधी चहा द्या," त्या म्हणाल्या. "मग बघू सही करता येते का."

त्या दोन तास बसल्या. चंद्रशेखर म्हणजे काय, हे त्यांनी विचारले. डोक्यावर चंद्र असलेला देव, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा मॉरीन त्यांच्या टकलाकडे बघून खुदकन हसल्या, आणि कितीतरी दिवसांनी डॉक्टरही हसले. मग मॉरीनची नजर टेबलावरच्या वीणाताईंच्या लिफाफ्याकडे गेली. डॉक्टरांनी काहीच न लपवता सगळे सांगितले.

मॉरीनने तो लिफाफा उचलून त्यावरचे नाव वाचले. "माझा नवरा गेल्यावरही त्याच्या नावाने दातांच्या दवाखान्याची पत्रं यायची," त्या म्हणाल्या. "मी दोन वर्षं येऊ दिली. दर सहा महिन्यांनी कुणीतरी त्याला बोलावत होतं ना."

मत गुप्त राहावे म्हणून त्या पाठ फिरवून खिडकीशी उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी फुली मारून लिफाफा चिकटवला, मग त्यांच्यासमोर सही केली. मॉरीनने खाली आपले नाव-पत्ता लिहिला. "चंद्रशेखर," त्या अडखळत म्हणाल्या, "आता मी तुम्हाला ओळखते."

बुधवारी आम्ही बसने कौन्सिलच्या कचेरीत गेलो. डॉक्टरांनी आपला लिफाफा दिला आणि मग, ती गेल्याचे सांगून, वीणाताईंचाही. काउंटरवरच्या मुलीने हळू आवाजात विचारले, "यादीतून नाव काढायचं ना?"

"हो," डॉक्टर म्हणाले. परतताना बसमध्ये त्यांचा हात सारखा माझ्या मुठीवर होता, जणू मी कुठे निघून जाईन.

त्यानंतर वीणाताईंच्या नावाने त्या घरात एकही पत्र आले नाही. पण मंगळवारी मॉरीन चहाला येत, आणि कधी डॉक्टर मला घेऊन त्यांचेही बटाटे आणत. ते वर्ष माझ्या म्हातारपणातले सर्वांत चांगले वर्ष. २००६ च्या उन्हाळ्यात मॉरीन बहिणीकडे वेल्समध्ये राहायला गेल्या. त्यांच्या घरात आता कोण राहते, ते डॉक्टरांना माहीत नाही.

२००७ मध्ये पुन्हा मतपत्रिका आली. नियम बदलला होता. आता फक्त सही आणि जन्मतारीख पुरे होती. दोन मिनिटांत काम झाले. डॉक्टरांनी कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. साक्षीदाराची जागा कुठेच नव्हती. लिफाफा बंद करून ते उगीचच बसून राहिले. त्यांच्यासमोर दोन कप होते. दुसरा त्यांनी सवयीने काढला होता.

आता आश्लेषा एजवेअरमधून इंटरनेटवर सामान मागवते. गाडी येते, माणूस पिशव्या दारात ठेवून जातो. मुलीच्या मनात प्रेमच आहे, तिला दोष कसा देऊ? पण मत घरी येते, दूध घरी येते, आणि डॉक्टर घरातच राहतात. मी जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे उभी असते. एका चाकाला गंज चढला आहे. वरून त्यांची पावले ऐकू येतात, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. तुमच्या समोरच्या घरात कोण राहते, त्याचे पहिले नाव काय, एवढे मात्र विचारून या. सही मागायला कुणी दारात येईल म्हणून थांबू नका. आणि तुमच्या आजोबांच्या कपाटात माझ्यासारखी एखादी असेल, तर आठवड्यातून एकदा तिला बाहेर काढा आणि तिची मूठ त्यांच्या हातात द्या. पाव आणायला सांगा, नाहीतर नुसतेच कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला सांगा.