पहिले हजार मैल

चढ संपला तशी यादिएलने गाडी आंब्याखाली घेतली, गिअर काढला, एकदाच ॲक्सिलरेटर दाबून सोडला आणि आवाज खाली येत असतानाच चावी फिरवली. इंजिन थांबलं. तो उतरला नाही. काच अर्धी खाली करून, हात मांडीवर ठेवून बसून राहिला. शेजारच्या सीटवर बेकरीतून आणलेला पाव होता, अजून गरम. बॉनेटखाली तापलेलं लोखंड टक् टक् करत निवत होतं.

घरात भांडं वाजलं. थोड्या वेळाने कॉफीचा वास आला. तेव्हा तो उतरला.

दर रविवारी दुपारी गाडी घेऊन यायचं, ही म्हाताऱ्या डॉन सेवेरोंची अट होती. गाडी त्यांच्या बायकोची, मिग्दालियाची. १९८४ सालची जपानी गाडी, दोन सीटची, रोटरी इंजिनाची. कोआमो गावाच्या त्या डोंगरात अशा गाडीसाठी जीव टाकणारी पोरं गल्लोगल्ली होती. मिग्दालिया गेल्यावर त्यातली बरीच येऊन बॉनेट उघडून गेली होती. यादिएलने मात्र आधी विचारलं, आत बसू का? सीट इतकी पुढे होती की त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट मागे कशी सरकवायची, हे त्याने विचारलं, तेव्हा डॉन सेवेरोंनी खालचा दांडा दाखवला आणि तो सरकवेपर्यंत आंब्याकडे बघत राहिले. मग गाडी त्यालाच दिली.

देताना त्यांनी नीट समजावलं होतं. "पेट्रोल भरशील तेव्हा तेल बघायचं. हे इंजिन तेल खातं. तो आजार नाही, स्वभाव आहे. थंड गाडी चार पावलं हलवून बंद करायची नाही, पेट्रोलने गुदमरते. बंद करण्याआधी एकदा मोकळा श्वास घेऊ द्यायचा. आणि बंद केल्यावर लगेच उतरायचं नाही. जरा बसायचं."

"ते कशाला?"

"बरं असतं."

यादिएल विशीचा होता, बेकरीत कामाला. अकराव्या वर्षी मामाने त्याला सालिनासला गाड्यांच्या शर्यती दाखवल्या होत्या, तेव्हापासून त्याला हेच इंजिन हवं होतं. जे सांगितलं ते तो अक्षरशः पाळायचा.

स्वयंपाकघरात टेबलावर तीन कॉफ्या होत्या. एक डॉन सेवेरोंपुढे, एक काचेच्या पेल्यात यादिएलसाठी, आणि तिसरी निळ्या कपात, रिकाम्या खुर्चीपुढे. पहिल्या रविवारी त्याने निळ्या कपाकडे हात नेला होता. "तो नको," एवढंच डॉन सेवेरो म्हणाले होते.

"येताना वळणावर आवाज फाटत होता," ते आज म्हणाले.

"सायलेन्सरला भोक आहे. बदलायचाय."

"मला खालच्या पुलापासूनच कळतं." त्यांनी पाव मोडला. "नवी होती तेव्हा असं नव्हतं. माझ्या आईला मिग्दालिया चालायची नाही. टेलिफोन कंपनीत नोकरी करणारी, स्वतःच्या पगारातून अशी गाडी घेणारी पोरगी. आई म्हणायची, ही बाई तुला बाजूच्या सीटवर बसवून फिरवणार."

"मग?"

"मग काय, आयुष्यभर बाजूच्या सीटवर बसलो. मला कुठे चालवता येते?" ते हसले. "रविवारी आई जेवून इथल्या मागच्या खोलीत झोपली की ती यायची. इंजिन नवं, पहिले हजार मैल जोरात पळवायचं नाही म्हणून बजावलेलं. मांजरासारखी यायची. मी इस्त्रीचा शर्ट घालून दाराआड उभा. हजार मैल व्हायच्या आत लग्न उरकलं, नाहीतर अख्ख्या डोंगराला कळलं असतं."

त्यांनी निळ्या कपातली गार कॉफी मोरीत ओतली आणि कप धुऊन पालथा घातला.

तेल बघण्यासाठी म्हणून ते यादिएलला बोलवायचे, पण गाडीजवळ कधी येत नसत.

गाडी बंद केल्यावर आत बसायचं, हे यादिएलने तातोला सांगितलं. तातो त्याचा मेकॅनिक. चाळिशीचा, पोट सुटलेला, रोटरीशिवाय दुसऱ्या इंजिनाला हात न लावणारा.

"बंद करण्याआधी एकदा दाबायचं, ते ठीक," तातो म्हणाला. "पण नंतर बसायचं कशाला? अंडी उबवतोस?"

"गाडीला बरं असतं ना."

"कुठल्या गाडीला? इंजिन बंद झालं की झालं. तू आत बैस, नाहीतर टपावर चढून गाणं म्हण, तिला काय फरक पडतो?"

त्या संध्याकाळी यादिएलने पहिल्यांदाच गाडीतला राखेचा खण ओढला. आत सिगारेटची थोटकं होती, पुदिन्याच्या वासाची. एकदोनांच्या टोकाला लाली लागलेली. त्याने खण होता तसा बंद केला.

पुढच्या रविवारी तो जरा जास्तच वेळ गाडीत बसला.

कॉफी पिताना त्याने अदबीने विचारलं, "दोन्या मिग्दालिया सिगारेट ओढायच्या?"

"सोडली होती." डॉन सेवेरो कप फिरवत राहिले. "मला तरी तिने असं सांगितलं होतं. गाडी लावली की आत बसून एक संपवायची, मगच घरात. मला काही माहीत नाही असं तिला वाटायचं. मी आवाज ऐकून कॉफी गाळायला घ्यायचो. सिगारेट संपायला आणि कॉफी व्हायला एकच गाठ पडायची."

यादिएलने पेला खाली ठेवला.

"तू येतोस तेव्हा मी डोळे मिटून असतो," ते म्हणाले. "तू दार उघडेपर्यंत कळत नाही, कोण आलंय."

त्या दिवशी गाडी निघेना. स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. गरम असताना रुसायची सवय तिला हल्ली लागली होती, पण आज ती अगदी मुकी झाली. यादिएलने बॉनेट उघडलं, मिटलं, पुन्हा चावी फिरवली. डॉन सेवेरो पायरीवर उभे होते.

"राहू दे," ते म्हणाले. "आज तिचं मन नाही जायचं."

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून यादिएलने चावी काढून घेतली. गाडी रात्रभर आंब्याखाली राहिली. सकाळी तो तातोला घेऊन आला तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूची काच पूर्ण खाली होती आणि डॅशबोर्डवर निळा कप होता. यादिएलने तातोच्या आधी पुढे होऊन तो उचलला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन ठेवला.

तातोने गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली आणि इंजिन उघडलं. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजून गेल्या होत्या. दाब धरायला आत काही उरलं नव्हतं.

"संपलंय," तो म्हणाला. "पण छान झालं. आता हिला माणसात आणू. हवेची तोंडं मोठी करतो. भप्-भप्-भप् करत उभी राहील, चौकातल्या काचा थरथरतील. तुला हेच हवं होतं ना लहानपणापासून?"

यादिएलला हेच हवं होतं. बेकरीतल्या पोरांना त्याने वर्षभर हेच सांगितलं होतं.

"नको," तो म्हणाला. "जशी होती तशीच कर."

"जशी होती तशी म्हणजे मेलेली?"

"आवाज तसा ठेव."

तातोने पाना खाली ठेवला. "अरे हिरो, कंपनीतून येते तशी केली तर शिलाई मशीन वाटेल. पोरी ब्लाऊज घेऊन येतील तुझ्याकडे, टीप मारून दे म्हणत."

"येऊ देत. तोच आवाज हवाय मला. तो सायलेन्सरसुद्धा परत लाव."

"हा?" तातोने जुन्या सायलेन्सरवर अंगठा दाबला. पत्रा बिस्किटासारखा आत गेला. मग त्याचा सूर उतरला. "ऐक भावा. तो आवाज तिच्या दुखण्याचा होता. बरं झाल्यावर कुणी कण्हत नाही. मी तिला नवी करू शकतो. दुखणं परत घालता येत नाही मला."

यादिएलने आत दबलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं. मग तो म्हणाला, "बरं, नवी कर. पण तोंडं मोठी करू नकोस."

मधल्या एका रविवारी तो आईच्या गाडीने डॉन सेवेरोंकडे गेला. पाव नेला होता. दार उघडंच होतं, पण चूल थंड. ते टेबलाशी बसले होते, दाढी वाढलेली. निळा कप खिडकीतच होता, जिथे यादिएलने ठेवला होता.

"कधी आलास?" त्यांनी विचारलं. "मला कुणी आल्याचं ऐकूच आलं नाही."

"गाडी होतेय तयार. थोडे दिवस."

"हं."

"आवाज जरा वेगळा असेल, डॉन सेवेरो."

ते त्याच्याकडे बघत राहिले, जणू तो खूप लांबून बोलतोय. मग त्यांनी पावाची पिशवी न उघडताच बाजूला सरकवली.

गाडी तयार झाली तेव्हा तातोनेही तेच बजावलं. "पहिले हजार मैल पळवायची नाही. काटा अर्ध्याच्या वर गेला तर मला तोंड दाखवू नकोस." पोन्सेत एका गोदामात पडलेला मूळचा सायलेन्सर त्याने शोधून आणून लावला होता. आपण फार चांगलं काम केलंय, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. यादिएलने त्याला मिठी मारली आणि डोळे दुसरीकडे वळवले.

रविवारी तो चढ चढला. खालच्या पुलावर त्याला नदीचा आवाज ऐकू आला. या गाडीत बसून तो कधीच ऐकू आला नव्हता. वळणावर कोंबड्या रस्त्यातून हलल्या नाहीत, त्याला थांबावं लागलं. वर आंब्याखाली गाडी उताराकडे तोंड करून घेताना चाकांखालचे खडे एकेक करून वाजले. त्याने गिअर काढला आणि एकदा ॲक्सिलरेटर दाबला. नुसता सुस्कारा सोडल्यासारखं झालं. त्याने चावी फिरवली.

मग तो बसून राहिला, काच अर्धी खाली, हात मांडीवर. हे आता कशासाठी, ते त्याला कळत नव्हतं.

घरातून काही आवाज आला नाही. त्याने वास घेऊन पाहिला. नव्या रंगाचा आणि तेलाचा वास होता, कॉफीचा नव्हता. बॉनेटखालची टक् टक् मंद होत थांबली. आपण आल्याचं त्यांना कळलंच नसेल, किंवा कळलं असेल आणि कुणीतरी परकं आलंय असं वाटलं असेल. तो उगाच स्टिअरिंग पुसत राहिला. निमूट परत जावं, असं त्याच्या मनात आलं, पण परत जाण्यासाठी चावी फिरवायलाही हात धजेना.

तेवढ्यात दार हललं.

डॉन सेवेरो अंग चोरून बाहेर आले आणि दोन्ही हातांनी धरून, कडी वाजू न देता, त्यांनी दार लावलं. दाढी केली होती. केस ओले करून मागे वळवले होते. अंगात पांढरा शर्ट होता, बाह्यांवर इस्त्रीची धार. बूट हातात होते. अनवाणी पायांनी खडे चुकवत ते गाडीकडे आले, बाजूचं दार उघडलं आणि आत बसले. ती सीट त्यांना बरोबर होती, पुढेमागे करावी लागली नाही. दार आपटलं नाही, ओढून हलकेच मिटवलं.

त्यांना धाप लागली होती. ते यादिएलकडे वळले नाहीत. समोरच्या काचेतून उताराकडे बघत होते, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरलेलं होतं.

"चल," ते कुजबुजले. "आई उठायच्या आत."

यादिएलचा हात चावीवर गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने चावी तशीच सोडली आणि हँडब्रेक खाली केला. गाडी क्षणभर जागीच राहिली, मग आपोआप उताराला लागली. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक जड लागत होता.

फाटकातून बाहेर पडताना त्याने आरशात पाहिलं. मागच्या खोलीची खिडकी बंद होती. वळण येईपर्यंत तो तिच्यावर नजर ठेवून होता.