माहेरच्या पत्त्यानं

दुष्काळात रोज केस धुणारी बाई मला आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझ्या बोलण्यात तिखट लागलं तर तुम्हाला नवल वाटायला नको.

ती बाई म्हणजे चारुता. बीड बायपासवरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आम्ही दोघी कॉम्प्युटर विभागात आहोत, टेबलाला टेबल लागून. ती शहराच्या मधोमध समर्थनगरची. तिच्याकडं खाली हौद, गच्चीवर टाक्या, वरून बोअर. आम्ही शहराच्या कडेला, सातारा परिसरात फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डर म्हणाला होता, पाइपलाइन आलीच समजा. पाइपलाइन अजून यायचीच आहे. त्या उन्हाळ्यात जायकवाडी धरण तळाला गेलं होतं, आमच्या सोसायटीत टँकर आला की बाया हंडे घेऊन धावायच्या, आणि मी रविवारी केस धुतले की तेच पाणी फरशीला वापरायचे. आणि ही सकाळी येणार ओले केस पाठीवर सोडून, शांपूचा वास दरवळवत. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

नुसत्या केसांचं असतं तर सोडून दिलं असतं. पण तिला सगळंच आयतं मिळायचं. ती केशवराव वकिलांची नात. हॉस्पिटलचे मुख्य ट्रस्टी तात्यासाहेब पहिल्याच दिवशी तिला म्हणाले, "केशवरावांची नात ना तू?" झालं. त्या दिवसापासून ती चारुताताई. मी तिच्याआधी लागलेली, तरी मी आपली "ए सोनिया, प्रिंटर अडकलाय बघ."

मलाही तात्यासाहेबांनी मी लागले तेव्हा विचारलं होतं, कुठली गं तू. मी फर्दापूर सांगितलं. खोटं नव्हतं ते, फर्दापूर माझं सासर. माहेर मात्र पाचोड, आणि तात्यासाहेबही पाचोडचेच. माझा बाप पुंजाराम आणि ते शाळेत एका तरटावर बसलेले. पण मी मुद्दाम बोलले नाही. हॉस्पिटलात आधीच लोक कुजबुजायचे, पाचोडची बस आली की इथं भरती निघते म्हणून. शिपाई पाचोडचा, वॉचमन पाचोडचा. मला त्या बसमधून उतरायचं नव्हतं. मला माझ्या कामावर वर चढायचं होतं.

आणि वर चढायची वेळ आली होती. आमचे साहेब रिटायर होणार होते. विभागप्रमुखाची खुर्ची आमच्या दोघींपैकी एकीला मिळणार आणि ते तात्यासाहेब ठरवणार, हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं. मला ती खुर्ची हवी होती. लई हवी होती. झोपेतसुद्धा मी त्या खुर्चीत बसून चारुताला म्हणायची, जा, प्रिंटर बघून ये.

आईला, वच्छलाबाईला, फोनवर हे कळलं तेव्हा तिनं एकच धोशा लावला. तात्याला सांग कोणाची पोर आहेस ते, तुझ्या बापाच्या भाकरीतली अर्धी खाऊन शिकलाय तो. मी म्हणायची, आई, अशी खुर्ची नको मला. ती म्हणायची, मग बस तशीच, तोंड शिवून.

अशात ते एमआरआयचं लचांड उभं राहिलं. जुन्या इमारतीत सर्व्हरच्या खोलीला गार ठेवणारा मोठा एसी होता, पाण्यावर चालणारा. टँकरचं पाणी आधी डायलिसिसला, मग वॉर्डांना, आणि ते बरोबरच होतं. एसीला उरेना. खोलीची भट्टी झाली, म्हणून एमआरआयचा सर्व्हर उचलून नव्या इमारतीत नेला, तिथं साधा एसी होता. आता दोन्ही इमारतींचं नेटवर्क वेगळं. त्यामुळं त्या एका सर्व्हरला दोन केबली आल्या आणि दोन पत्ते झाले, एक जुन्या इमारतीतला आणि एक नव्या इमारतीतला. घोटाळा नको म्हणून मी चिकटपट्टीवर लिहून चिकटवलं, जुन्या केबलीवर माहेर, नव्या केबलीवर सासर. चारुता बघून हसली, छान आहे गं म्हणाली. तिचं छान आहे गं ऐकलं की मला वाटायचं, ही मला शाबासकी देणारी कोण?

आणि दुसऱ्याच दिवशी एमआरआयची चित्रं साठवणं बंद पडलं. सगळ्या पेशंटांची चित्रं जुन्या इमारतीच्या तळघरातल्या एका मोठ्या स्टोरेजमध्ये असतात. बाकीची मशीनं नेटवर्कवरून तिथलं फोल्डर उघडतात, आपल्याच कपाटातलं असल्यासारखं. त्या स्टोरेजकडं एक यादी असते, कुणाला आत घ्यायचं त्याची, आणि येणाऱ्याला ते एकच विचारतं, कुठल्या पत्त्यावरून आलास? एमआरआयच्या सर्व्हरला ते दारातूनच परत पाठवायला लागलं. सर्व्हर बंद करून चालू केला की कधी चालायचं, की पुन्हा बंद. आत पेशंट आडवा, बाहेर डॉक्टर आमच्या नावानं शंख करतायत.

चारुताचं म्हणणं पडलं की यादीत नवा पत्ता घालायला पाहिजे. यादीची किल्ली पुण्याच्या कंपनीकडं. कंपनी म्हणाली, माणूस पुढच्या महिन्यात येईल. चारुता त्यांना ईमेल लिहीत बसली, नम्र विनंती, नम्र विनंती. नम्र विनंतीनं कधी घोडं हललंय का?

मी एमआरआयच्या सर्व्हरपाशी खुर्ची टाकली आणि तो बोलतो काय ते बघत बसले. बघता बघता उमगलं. स्टोरेजमध्ये काही खोट नव्हती. हा सर्व्हर स्टोरेजकडं जाताना बाहेर पडायचा नव्या केबलीतून आणि पत्ताही सांगायचा नवा. स्टोरेज त्याला ओळखायचं जुन्या पत्त्यानं. म्हणायचं, कोण गं बाई तू? आणि दार लावून घ्यायचं. बंद-चालू करताना कधी जुनी केबल आधी जागी झाली तर जुना पत्ता तोंडात यायचा, म्हणून तेवढं चालायचं. यादीला हात लावायची गरजच नव्हती. मी सर्व्हरवर एक ओळ लिहिली, की बाकी कुठंही जा, पण या स्टोरेजकडं जाताना जुन्या दारानं जायचं आणि जुनाच पत्ता सांगायचा. बंद-चालू केलं तरी ती ओळ राहील अशा जागी लिहिली. फोल्डर पुन्हा जोडलं. चित्रं भराभर जाऊन पडायला लागली.

आनंदाच्या भरात टेबलाशी परत येऊन मी चारुतालाच सांगितलं. म्हटलं, "बाई सासरी नांदतीय ना, मग जगात सासरचं नाव सांगू दे. पण माहेरच्या दारात उभी राहिली की माहेरचंच नाव सांगायचं. तिथं सासरच्या नावानं कोण ओळखणार तिला?" ती माझ्याकडं बघत राहिली. किती सोपं केलंस, म्हणाली. त्या क्षणी मला ती जवळजवळ आवडली होती.

तेवढ्यात डॉक्टरांनी नव्या इमारतीत बोलावलं. पुढच्या पेशंटचं होईपर्यंत इथंच थांब म्हणाले. मी थांबले. इकडं तात्यासाहेबांनी त्याच वेळी मीटिंग लावली आणि विचारलं, काय बिघडलं होतं ते मला समजेल असं कुणी सांगेल का? मी नव्हते. चारुता होती.

मी परत आले तर चहावाला कडुबा दारातच भेटला. खुशीत होता. म्हणाला, चारुताताईंनी आज काय समजावलं तात्यासाहेबांना, माहेर-सासर करून. तात्यासाहेब पोट धरून हसले. म्हणले, कॉम्प्युटरवाल्याचं बोलणं मला आज पयल्यांदा कळलं.

माझ्या अंगाची अशी लाही झाली की काय सांगू. माझे शब्द! आणि सांगितले कुणी, तर जिचं लग्नसुद्धा झालेलं नाही तिनं. तिला काय ठाऊक सासर? तिला कधी कुठल्या म्हातारीनं एसटीत विचारलंय का, कंच्या गावची गं, आन् दिली कुठं? तिला जन्मापासून एकच पत्ता. मी पीठ दळायचं आणि हिनं त्यावर रेघोट्या ओढायच्या. पाणी हिला, आजोबा हिला, केस हिला, आता माझी जीभसुद्धा हिलाच.

ती टेबलाशी उभी होती, हसत. सोनिया, ऐक ना, तुला सांगायचंय, म्हणाली. मी म्हटलं, मला काम आहे. आणि तशीच जिना चढून तात्यासाहेबांच्या खोलीत गेले.

जाताना मनात होतं की सांगायचं, ते काम माझं, ते शब्द माझे. पण ते समोर बसलेले, पांढरे कपडे, शांत चेहरा, आणि माझ्या लक्षात आलं की हे बोललं तर किती हलकं वाटेल. शब्दावर कुणाचा शिक्का असतो? ते म्हणतील, बायकांची भांडणं. आणि चारुताच्या मागं वकील आजोबा उभे, माझ्या मागं कोण? आई आठवली. अन् तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"तात्यासाहेब, मी पाचोडच्या पुंजारामची पोरगी."

ते उठून उभेच राहिले. पुंज्याची? म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. बापाची तब्येत विचारली, आईचं विचारलं, भाकरीचं आणि तरटाचं त्यांनीच काढलं. डोळे पुसले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, घ्या चारुताताई, आता हसा. मग ते खाली बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे आत्ताच का सांगितलंस?"

मी खाली बघत राहिले.

"मघाशी मीटिंगमध्ये ती पोर पहिलं वाक्य बोलली ते हे, की काम सोनियाचं आहे आणि सांगतेय ते शब्दही सोनियाचे. मी असते तर पुण्याची वाट बघत बसले असते, म्हणाली. प्रमुख तिलाच करा, म्हणाली. मी व्हय म्हटलं. उद्या कागद निघणार होता."

निघणार होता, म्हणाले ते. तो ‘होता’ माझ्या कानात रुतून बसला.

मग त्यांनी सांगितलं. पाचोडवाल्यांच्या भरतीवरून बाकीच्या ट्रस्टींनी त्यांना मागं चांगलंच धारेवर धरलं होतं. त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की यापुढं माझ्या ओळखीतल्या कुणाला मी स्वतः वर चढवणार नाही. पुंजारामची मुलगी म्हणजे ओळखीच्याही पलीकडची.

मी म्हटलं, "पण तुमच्याशिवाय हे इथं कुणालाच माहीत नाही."

"मला माहीत झालं ना, पोरी," ते म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इतकी वर्षं दातांखाली धरून ठेवलेलं गाव मी नेमकं नको त्या दारात सांगून आले.

प्रमुख चारुता झाली. तिनं आधी नको म्हटलं, दोनदा म्हटलं, तात्यासाहेबांनी ऐकलं नाही. ती माझ्याकडं आली तेव्हा तिचेच डोळे भरलेले. असं कसं झालं गं, मी तर तुझंच नाव सांगितलं होतं, म्हणाली. खरं कारण तिला माहीत नाही आणि मी सांगणार नाही. तिनं माझ्या हातात हात घेतला आणि तो शांपूचा वास आला.

ती चोर असती तर बरं झालं असतं. चोरावर जळायला सुख असतं, माणूस चार लोकांत बोलून मोकळा होतो. चांगल्या माणसावर जळायचं म्हणजे आतल्या आत, आवाज न करता, आणि वर अभिनंदनही करायचं. मी केलं. पेढाही खाल्ला. गोड होता मेला.

एमआरआय मात्र तेव्हापासून एकदाही अडलेलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. ती कधीची फोनशी बसून होती, आवाजावरूनच कळलं. काय झालं म्हणाली. मी म्हटलं, नाय मिळालं. मग तिचा पारा चढला.

"तुला लाख डाव सांगितलं हुतं, तात्याला सांग कोनाची लेक हाईस ते. आगं, बापाचं नाव सांगायला लाज वाटती व्हय तुला? सांगितलं नसशीलच तू."

"सांगितलं, आई," मी म्हणाले.